पोटरीतला गोळा आणि तरावीहचा विसावा

चौथ्या रोजाच्या रात्रीची गोष्ट. चौदाव्या रकातीला अत्तहियात पढत बसलो होतो आणि डाव्या पोटरीत गोळा आला. ज्यांना तो कधी आला असेल त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना आला नाही त्यांना सांगून कळणार नाही. पोटरीचा दगड होतो. ओरडता येईना, पाय झटकता येईना. कसाबसा सलाम फिरवला आणि तिथंच आडवा झालो. शेजारचे चाचा काही न विचारता पुढं सरकले. ‘गुडघा वाकवू नको बेटा,’ म्हणाले आणि माझा चवडा धरून नडगीच्या दिशेनं दाबत नेला. अर्ध्या मिनिटात दगडाचं पुन्हा मांस झालं. चाचांची सारी हयात सायझिंगच्या कारखान्यात, वाफेत गेली. वांब कसा सोडवायचा हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मात्र गल्लीतला प्रत्येक जण डॉक्टर झाला. ‘रोजा लागला’ हे पहिलं निदान. मग उपचार आले. एकानं केळी खायला सांगितली, एकानं कॅल्शियमच्या गोळ्या, आणि एका मित्रानं तर इफ्तारनंतर जाऊन ताकदीची बाटली लावून यायचा आग्रह धरला. शेजारच्या काकूंनी तांब्याचं कडं पायात घालायला दिलं. त्या स्वतः ते आषाढी वारीला घालून जातात. एक रुपयाचं औषध न लागता जे अर्ध्या मिनिटात सुटलं, त्यावर एवढे सल्ले! रमजानमध्ये हा त्रास घरोघर असतो, म्हणून थोडं वाचलं, आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना विचारलं आणि जे कळलं त्यावरून माझं एक मतही झालं. ते पायाबद्दल कमी आणि आपल्या उभं राहण्याबद्दल जास्त आहे.

आधी गोळा म्हणजे काय ते पाहू. कुणी त्याला पेटका म्हणतं, कुणी वांब, आमच्या घरात ‘नस चढली’ म्हणतात. नस कुठंही चढत नाही. स्नायूला आकुंचन पावण्याचा हुकूम देणारा मज्जातंतू अचानक हुकमांचा भडिमार करतो आणि स्नायू आखडून बसतो. स्नायू थकलेला असेल आणि त्यातच आखूड स्थितीत असेल, तर हे जास्त सहज घडतं. म्हणूनच झोपेत पायाचा चवडा खाली लोंबलेला असताना पोटरीत गोळा येतो. आता नमाजची बैठक आठवा: उजवा पाय बोटांवर उभा, डावा पाय आडवा पसरलेला आणि आपण त्याच्यावर बसलेले. डाव्या पायाची पोटरी त्या वेळी पूर्ण आखडलेली असते. माझा गोळा डाव्याच पायात का आला, याचं उत्तर मला तिथं सापडलं. पाय ताणला की स्नायूच्या टोकाशी असलेल्या कंडरेतून उलटा संदेश जातो, ‘बस कर’. चाचांनी केलं ते नेमकं हेच.

मग पाणी आणि मीठ यांचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो कामगारांच्या घामातूनच कळला. १९२० च्या दशकात इंग्लंडच्या खोल, उष्ण कोळसा खाणींमधल्या कामगारांना भयंकर पेटके येत. ते घामानं निथळत आणि तहान लागली की साधं पाणी भरपूर पीत. हाल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की घामातून पाणी जातं तसं मीठही जातं. भरून निघतं ते फक्त पाणी, आणि उरलेलं मीठ आणखी पातळ होतं. पाण्यात चिमूटभर मीठ घालून दिलं की पेटके थांबत. (या हाल्डेनचा मुलगा, तोही मोठा शास्त्रज्ञ, पुढं भारतात येऊन राहिला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला.) पुढं १९३० च्या दशकात अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर हूवर धरण बांधताना वाळवंटातल्या उन्हात मजूर असेच आखडून पडत. हार्वर्डच्या संशोधकांनी तिथं तपासणी केली तेव्हाही मिठाचाच मुद्दा पुढं आला.

म्हणजे इफ्तारला बसल्या बसल्या तांब्याभर गार पाणी घटाघट पिऊन ‘दिवसाची भरपाई झाली’ म्हणणं हे त्या खाणीतल्या चुकीचंच भावंड आहे. तेरा-चौदा तास कोरडं राहिलेलं शरीर एकदम आलेलं पाणी साठवून ठेवत नाही, त्यातलं काही बाहेर टाकतं. इफ्तार ते सहेरी हा वेळ मोठा असतो. इफ्तारला दोन पेले, तरावीहच्या आधी एक, नंतर दोन, झोपताना एक, सहेरीला दोन असं वाटून प्यायलं तर ते अंगी लागतं. सोबत डाळ, शोरबा, ताक असलं की मीठ आपोआप जातं. चहानं अंगातलं पाणी उडून जातं असं म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. पण सहेरीला दोन कप चहा झाला की पाण्याला पोटात जागा उरत नाही, हे मात्र खरं. ज्यांना रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मीठ किंवा ओआरएस मनानं वाढवू नये. मूत्रपिंड अधू असेल तर केळी आणि खजूरही मोजून खायला हवेत, कारण दोन्हींत पोटॅशियम भरपूर असतं आणि ते रक्तात साठलं तर हृदयावर बेततं. केळ्याला गोळ्यावरचं औषध समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पण सगळं मिठावर ढकलूनही चालत नाही. थंड पाण्यात पोहणाऱ्यांना गोळे येतात. भरपूर पाणी प्यायलेल्या धावपटूंना येतात. मॅरेथॉनमध्ये गोळा आलेल्या आणि न आलेल्या धावपटूंचं रक्त तपासलं तर दोघांच्या क्षारांत फारसा फरक सापडत नाही. अमेरिकेत २०१० साली एक मजेदार प्रयोग झाला. तरुणांच्या पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत विजेच्या हलक्या झटक्यानं मुद्दाम गोळा आणला आणि त्यांना काकडीच्या लोणच्याचं आंबट-खारट पाणी पाजलं. साधं पाणी प्यायल्यावर लागला त्यापेक्षा कमी वेळात, दीड मिनिटाच्या आसपास, गोळा गेला. एवढ्या वेळात मीठ रक्तात पोहोचूच शकत नाही. त्या आंबट चवीनं घशातून मेंदूकडं काही संदेश गेला आणि भडकलेला मज्जातंतू शांत झाला असावा, असा संशोधकांचा कयास आहे. रोजात अर्थातच हा इलाज नाही. इफ्तारनंतर करून पाहायला हरकत नाही, पण आपलं तेलातलं लोणचं ते नव्हे.

थकलेला स्नायू आणि विसाव्याचा अभाव हे कारण आपण विसरतो, कारण त्याची गोळी मिळत नाही. आणि इथंच मला आमच्या मशिदीबद्दल बोलायचं आहे.

तरावीह म्हणजे रमजानच्या रात्री इशाच्या नमाजनंतर पढली जाणारी जादा नमाज. आमच्याकडं वीस रकाती होतात. वीस रकाती म्हणजे वीस वेळा उभं राहणं आणि चाळीस सज्दे. दिवसभर माग चालवून, हमाली करून, दुकानात उभं राहून आलेली माणसं त्यात असतात. पण ‘तरावीह’ या शब्दाचा अर्थच विसावा असा आहे. दर चार रकातींनंतर थोडं बसायचं, दम खायचा, म्हणून या नमाजला हे नाव पडलं. आता तो विसावा किती उरला आहे? हाफिजसाहेब सलाम फिरवतात, एक छोटी दुआ होते आणि पुढची रकात सुरू. मोठ्या शहरांतून पाच दिवसांची, दहा दिवसांची तरावीह आली आहे. व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी रोज तीन-तीन, सहा-सहा पारे पढले जातात आणि माणसं तितका वेळ उभी राहतात. विसाव्याच्या नमाजमधून विसावाच गेला.

मी हे कमिटीतल्या एका भाईंना बोललो. ते म्हणाले, ‘लोकांना लवकर घरी जायचं असतं, सहेरीला उठायचं असतं.’ त्यांचंही खोटं नाही. पण पाच विसाव्यांचे मिळून दहा मिनिटं होतात. त्या दहा मिनिटांत एखाद्याला पाणी पिता येईल, एखाद्याला भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणता येतील. मागच्या सफेत खुर्च्या ठेवल्या आहेत, हे चांगलं झालं. पण त्या खुर्चीवर साठीच्या आतला माणूस बसला तर लोक ज्या नजरेनं बघतात ती नजर मला खुपते. आजारी आणि प्रवासी यांनी रोजे नंतर पुरे करावेत ही सवलत खुद्द सूरह बकरात आहे. उभं राहून नमाज जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून पढावी, हे पैगंबरांनी इम्रान बिन हुसैन या आपल्या सहकाऱ्याला सांगितलं होतं. त्यांना मूळव्याधीचा त्रास होता. धर्मानं दिलेली सवलत शेजाऱ्याच्या नजरेनं काढून घ्यायची, हा अधिकार कुणी कुणाला दिला?

ही नजर फक्त आमच्याकडं आहे असं नाही. काकू सांगतात, वारीत पायाला गोळे आले तरी दिंडीतून बाहेर पडून टेम्पोत बसायला माणसाला लाज वाटते. निर्जला एकादशीला चक्कर आली तरी पाणी मागायला संकोच होतो.

आणि मशिदीतली खुर्ची निदान डोळ्यांना दिसते तरी. मागावरच्या कामगाराला खुर्चीच नसते. आमच्या या वस्त्रनगरीत बारा-बारा तासांच्या पाळ्या आहेत. चार, सहा, आठ मागांच्या मध्ये येरझारा घालत, कांडी बदलत, तुटलेला धागा जोडत माणूस उभा असतो. रोजेदार असो वा नसो, उन्हाळ्यात शेडमधल्या उकाड्यात दोघांचाही घाम सारखाच जातो. केरळनं २०१८ साली आणि तामिळनाडूनं २०२१ साली दुकानांतल्या कामगारांना बसायला जागा देण्याची तरतूद कायद्यात केली. साड्यांच्या दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायांनी त्यासाठी केरळात आंदोलन केलं होतं. आपल्या गावात याची चर्चा कुणी करताना मला तरी ऐकू आली नाही. यंत्रमागधारकांत सर्व धर्मांचे लोक आहेत. रमजानमध्ये इफ्तारसाठी फळांच्या पेट्या पाठवणारे मालक मी पाहिले आहेत, त्यांच्या मनाच्या मोठेपणाबद्दल शंका नाही. पण त्या पेटीसोबत शेडमध्ये एक स्टूल आणि एक टेबलफॅन आला तर तो ईदनंतरही उपयोगी पडेल.

औषधांचं थोडं. मलेरियावरचं क्विनाइन पूर्वी रात्रीच्या गोळ्यांवर सर्रास दिलं जाई. त्यानं थोडा फरक पडतोही. पण रक्तातल्या प्लेटलेट्स एकदम घसरणं, हृदयाचे ठोके बिघडणं असे धोके दिसल्यावर अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी १९९४ साली या कारणासाठी ते चिठ्ठीविना विकायला बंदी केली आणि २०१० साली पुन्हा कडक इशारा दिला. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा फार बोलबाला आहे. उपलब्ध अभ्यास एकत्र तपासून २०२० साली निष्कर्ष काढला गेला, की वयस्कर माणसांच्या गोळ्यांवर त्याचा म्हणण्यासारखा उपयोग होण्याची शक्यता कमी आहे. कॅल्शियमचंही साध्या पोटरीच्या गोळ्याबाबत तसंच. आणि ती ताकदीची बाटली! तिच्यात बहुतेक वेळा मीठपाणी नाहीतर साखरपाणी असतं. तोंडानं पाणी पिता येणाऱ्या माणसानं तेच शिरेतून घेण्यासाठी पाचशे रुपये का मोजावेत, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

त्यापेक्षा भिंत बरी. भिंतीपासून दोन-तीन फुटांवर उभं राहायचं, हात भिंतीला टेकायचे, टाचा जमिनीला चिकटलेल्या, गुडघे सरळ, आणि पोटरीत ताण जाणवेपर्यंत पुढं झुकायचं. अर्धं मिनिट थांबायचं. असं तीनदा, झोपण्यापूर्वी. नेदरलँड्समध्ये पंचावन्न वर्षांवरच्या ८० जणांवर २०१२ साली अभ्यास झाला. दीड महिना रोज रात्री असे ताण दिलेल्यांचे गोळे कमी झाले आणि सौम्यही झाले. आधीच्या एका अभ्यासात फरक दिसला नव्हता, हेही सांगायला हवं. पण याला खर्च नाही आणि अपायही नाही. गोळा प्रत्यक्ष आलाच तर चाचांचा उपाय: गुडघा सरळ, चवडा आपल्याकडं ओढायचा. सुटल्यावर हलकं चोळायचं, दुखरेपणा राहिला तर शेक द्यायचा.

आता अम्मीची गोष्ट, जिच्यामुळं खरं तर हा लेख लिहितो आहे. माझ्या गोळ्याची चौकशी करता करता अम्मी सहज म्हणाली, ‘मला तर रोज सहेरीच्या आधी येतात.’ रोज! गेली तीन वर्षं, दर रमजानला. कधी बोलली नाही. तिला रक्तदाब आहे आणि त्यासाठी जी गोळी चालू आहे ती लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर काढणारी आहे. अम्मी ती सहेरीला घ्यायची. म्हणजे पहाटे गोळी घ्यायची आणि मग दिवसभर पाण्याचा थेंब नाही. मी विचारलं, ‘डॉक्टरांना सांगितलं नाहीस?’ तर म्हणाली, ‘ते आपल्यातले नाहीत. रोजा धरते म्हटलं तर पहिल्यांदा रोजाच सोडायला लावतील.’

तिला घेऊन गेलो. डॉक्टरांनी रक्तातले क्षार तपासायला सांगितले, सोडियम थोडं कमी निघालं. त्यांनी गोळी बदलली, वेळ बदलली आणि म्हणाले, ‘आजी, मला आधी सांगितलं असतं तर पहिल्याच वर्षी बदलून दिली असती. माझी आई चातुर्मास पाळते, मी तिला कुठं अडवतो?’ अम्मी हसली. एक रोजा मात्र त्यांनी सोडायला लावला, ज्या दिवशी तिला उलट्या झाल्या त्या दिवशीचा. तो तिनं मुकाट सोडला.

म्हणून रमजानमध्ये काही औषधं चालू असतील तर ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारावं, आणि आपण रोजा धरतो हे स्पष्ट सांगावं. मनानं गोळी बंद करू नये. मधुमेह असेल तर हे रमजान लागण्याआधीच बोलून घ्यावं. पायाला गोळे आणणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत: गरोदरपण, थायरॉइड, मधुमेहानं दुखावलेल्या नसा, यकृताचे आजार, डायलिसिस. सगळ्यांना एकच केळं पुरत नाही.

आणि प्रत्येक दुखणारी पोटरी म्हणजे गोळा नव्हे. एकच पाय सुजला, गरम झाला आणि दुखणं थांबेचना, तर रक्ताची गुठळी असू शकते. तो पाय चोळू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, असं होत असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असू शकतात. तंबाखू खाणाऱ्या आणि ओढणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. उन्हात राबल्यावर अंगभर पेटके आले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर रोजा तिथंच सोडायचा आणि इस्पितळात जायचं. त्या वेळी ‘मगरिबला दीडच तास उरलाय’ असं म्हणणारा कुणी भेटला तर त्याचं ऐकू नये.

परवा रात्री आठव्या रकातीनंतर मी पुढं जाऊन हाफिजसाहेबांच्या कानात बोललो. ते तरुण आहेत, पंचविशीचे. त्यांनी मागं वळून सफांकडं पाहिलं आणि खुणेनं बसायला सांगितलं. पहिल्यांदा लोक गोंधळले, कुणीतरी घड्याळ पाहिलं. मग मागच्या बाजूला पाण्याची बाटली फिरू लागली. भिंतीजवळ चाचा उठून उभे राहिले, दोन्ही हात भिंतीला टेकले आणि टाचा जमिनीवर दाबून पुढं झुकले. त्यांचं बघून दोन पोरंही जाऊन उभी राहिली.